जळका वास आणि डेझर्ट कूलर: कोणता भाग भरवशाचा, कोणता बेभरवशाचा

घरगुती डेझर्ट कूलरमध्ये जळू शकतील अशा जागा सहाच आहेत: प्लग आणि त्याचं सॉकेट, वेगाचा स्विच, कपॅसिटर (मोटरला जोडलेला, विजेचा भार साठवणारा छोटा डबा), पंख्याची मोटर, पाण्याचा पंप आणि झडपा हलवणारी छोटी स्विंग मोटर. या सहांना जोडणाऱ्या वायरी धरल्या की यादी संपली. तरीही वास आला की बहुतेक घरांत एकच निदान होतं, "मोटर जळली", आणि कित्येकदा धडधाकट मोटर काढून नवी बसवली जाते. चार दिवसांनी वास पुन्हा येतो, कारण तो मुळात सॉकेटमधून येत असतो.

म्हणून गवताच्या किंवा हनीकोंब (मधाच्या पोळ्यासारख्या) पॅडच्या, इंडक्शन मोटरवर चालणाऱ्या साध्या कूलरचं हे परीक्षण हवेच्या झोतावर किंवा टाकीच्या लिटरांवर बेतलेलं नाही. बिघाड झाल्यावर कूलर कसा वागतो, यावर ते बेतलं आहे. नीट बनवलेला कूलर तापला की स्वतःहून थांबतो. स्वस्तात उरकलेला तसाच वास देत रात्रभर चालत राहतो, आणि त्याच्या तीन बाजूंना सुकलेलं गवत असतं.

आधी तातडीचं. वास आला की कूलरच्या स्विचवर न थांबता भिंतीवरचं बटण बंद करा आणि प्लग उपटून काढा. प्लग किंवा सॉकेटच गरम, काळं किंवा वितळलेलं दिसत असेल तर त्याला हात लावू नका, मेन स्विच पाडा. धूर दिसत असेल तरी मेन स्विचच पाडा, आणि वीज तुटल्याची खात्री होईपर्यंत पाणी मारू नका. "एमसीबी पडला नाही म्हणजे काही गंभीर नाही" हा समज घातक आहे. एमसीबी, म्हणजे घराच्या बोर्डावरचा आपोआप पडणारा स्विच, वायरिंगमधून जास्त करंट गेला तरच पडतो. सुमारे 200 वॉटचा कूलर 230 व्होल्टवर जेमतेम 1 अँपिअर घेतो, आणि पंप तर 18 ते 40 वॉटचा. ही दोन्ही यंत्रं पूर्ण जळून जाईपर्यंतही 6 किंवा 16 अँपिअरच्या एमसीबीला त्याचा पत्ता लागत नाही. संरक्षण यंत्राच्या आतच असावं लागतं.

प्लग काढल्यावर पहिल्या पाच मिनिटांत नाकाने तपास करा, भाग गार झाल्यावर ही संधी जाते. मासळीसारखा वास येत असेल तर संशय थेट प्लग, सॉकेट किंवा स्विचवर घ्या. बेकेलाइटसारखं कडक प्लॅस्टिक तापलं की असाच वास सुटतो, आणि लोक अर्धा दिवस स्वयंपाकघरात शोधत राहतात. घशाला खरखर करणारा, आंबट-तिखट वास वायरीच्या पीव्हीसी आवरणाचा. तापलेल्या रंगासारखा, किंचित गोडसर आणि डोक्यात जाणारा वास मोटरच्या वाइंडिंगवरल्या (आतल्या तारेच्या गुंडाळीवरल्या) व्हार्निशचा. तापलेल्या तेलाचा वास बुशचा, म्हणजे मोटरचा शाफ्ट ज्यात फिरतो त्या धातूच्या नळीचा. हंगामातल्या पहिल्या दिवशी दहा-पंधरा मिनिटं येऊन विरणारा, भाजलेल्या धुळीचा वास धुळीचाच असतो आणि त्याची काळजी नको. तसंच नव्या किंवा नुकत्याच रिवाइंड केलेल्या (तार नव्याने गुंडाळलेल्या) मोटरला पहिले काही तास हलका व्हार्निशचा वास येतो. तो तासागणिक कमी व्हायला हवा. वाढत असेल तर बंद करा. कुबट, ओलसर वास पॅडचा आणि साचलेल्या पाण्याचा. त्याचा विजेशी संबंध नाही.

आता एकेक भाग.

प्लग आणि सॉकेट ही सगळ्यांत जास्त दुर्लक्षिलेली जागा. 1 अँपिअरने सॉकेट कसं जळेल, असा प्रश्न पडतो. हिशोब साधा आहे: सैल पडलेल्या, गंजलेल्या संपर्काचा रोध 5 ओहम झाला तर 1 अँपिअरला तिथे 5 वॉट उष्णता तयार होते, तीही टाचणीच्या डोक्याएवढ्या जागेत. तिथलं पितळ तापतं, त्याची स्प्रिंग मऊ पडते, पकड आणखी सैल होते, रोध आणखी वाढतो. चालू कूलरचा प्लग किंचित हलवल्यावर पंख्याचा आवाज बदलत असेल तर निदान झालं. प्लग काढून पिना पाहा: एकच पिन काळसर किंवा निळसर झाली असेल तर त्याच बाजूचा संपर्क सैल आहे. अशा वेळी सॉकेट आणि प्लग दोन्ही बदलावेत. जळलेली पिन नव्या सॉकेटात घातली तर तीच त्या सॉकेटाची पकड खराब करते. प्लगच्या आत स्क्रूखाली वायरीचे सगळे तंतू आलेत का, तेही बघा. अर्धे तंतू बाहेर राहिले की तिथेच भट्टी लागते. साच्यात ओतलेला, एकसंध प्लग आम्हाला खोलता येणाऱ्या प्लगपेक्षा सरस वाटतो, कारण त्यात सैल पडणारा स्क्रूच नाही. एक्स्टेंशन बोर्ड मात्र कूलरसाठी नकोच. आतल्या पितळी पट्ट्या बहुधा पातळ असतात, आणि बोर्ड जमिनीवर ओल्याच्या शेजारी पडलेला असतो.

वेगाचा फिरता स्विच हा कमी प्रतीच्या कूलरमधला ठरलेला कच्चा दुवा. ओलसर हवेत त्याचे संपर्क काळे पडतात, ठिणगी पडते, कार्बन साचतो. खूण अशी की एकाच वेगावर वास येतो किंवा तो वेग मधूनच तुटतो, बाकीचे दोन ठीक चालतात. प्लग काढून पॅनेल उघडा, मागच्या लगी (वायरींच्या टोकांना दाबून बसवलेल्या पत्र्याच्या जोडण्या) ओढून बघा. हाताने सहज सुटणारी लग पक्कडीने दाबून घट्ट करता येते. रंग बदललेली किंवा वितळलेल्या प्लॅस्टिकला चिकटलेली लग मात्र कापून नवी लावावी. स्विच घासून पुन्हा बसवण्यात अर्थ नाही, नवाच घ्यावा. फिरवताना नॉब दोन वेगांच्या मध्ये अडकवून ठेवू नये, ठिणगी तिथेच पडत राहते. कूलर निवडताना स्विचचं पॅनेल पाण्याच्या नळीच्या खाली नाही ना, हे जरूर पाहा. वरून पाणी पाझरणारं पॅनेल असेल तर बाकी कूलर कितीही देखणा असो, आमचा कौल विरोधात.

कपॅसिटरबद्दल थोडं सविस्तर, कारण वाइंडिंगचा जीव त्याच्या हातात असतो. या मोटरमध्ये एक मुख्य वाइंडिंग आणि एक सहायक वाइंडिंग असते, आणि सहायक वाइंडिंग कपॅसिटरमधून सतत चालू राहते. कपॅसिटर दुबळा झाला की मोटर सावकाश उठते, पूर्ण वेग घेत नाही, जास्त करंट ओढते आणि तापते. पूर्णच गेला तर मोटर नुसती गुणगुणते आणि काही मिनिटांत व्हार्निशचा वास सुटतो. ओळखायची रीत: वीज दिल्यावर गुणगुणणारा पंखा लांब लाकडी काठीने हलका ढकलल्यावर फिरू लागला, तर दोष बहुधा कपॅसिटरचा. बोट घालू नका, पातं क्षणात वेग घेतं. आणि ही चाचणी पाच-सात सेकंदांच्या वर ओढू नका.

काढण्यापूर्वी कपॅसिटर रिकामा करावा लागतो, प्लग काढल्यावरही त्यात भार राहू शकतो. साधारण 10 ते 20 किलोओहमचा रोधक त्याच्या दोन टोकांना काही सेकंद लावा. स्क्रूड्रायव्हरने ठिणगी पाडून रिकामा करण्याची पद्धत सोडून द्या. मग मल्टिमीटरवर मोजा. अंगावर 4 एमएफडी (मायक्रोफॅरड), अधिक-उणे 5 टक्के लिहिलं असेल तर आकडा 3.8 ते 4.2 च्या दरम्यान हवा. 3.6 च्या खाली गेला की बदलाच. फुगलेला, चिरलेला किंवा पाझरलेला असेल तर मोजत बसू नका. नवा घेताना आकडा तोच हवा आणि व्होल्टेज 440 एसी. 250 व्होल्टचा चालेल असं कुणी म्हटलं तर नकार द्या, सहायक वाइंडिंगमुळे कपॅसिटरवरचा दाब पुरवठ्याच्या व्होल्टेजपेक्षा बराच जास्त असतो. हवा वाढावी म्हणून 4 च्या जागी 6 एमएफडी बसवून देणारे कारागीर आढळतात. सहायक वाइंडिंगमधला करंट त्याने वाढतो, ती तापते, आणि जळका वास विकत घेतल्यासारखं होतं.

आता मोटर. तिच्याकडे शेवटी यावं, पण आल्यावर घाई करू नये.

प्रथम प्लग काढलेला असताना पंखा हाताने फिरवा. मोकळा शाफ्ट काही फेरे सहज घेतो आणि हळूच थांबतो. लगेच अडकला, खरखरला किंवा वर-खाली हलला तर बुश किंवा बेअरिंग गेलं आहे. बुश झिजलं की रोटर (फिरणारा भाग) स्टेटरला (स्थिर भागाला) घासतो, घासल्याने गरम होतो, आणि लोक त्याला वाइंडिंग जळाली म्हणतात. बुशच्या मोटरला दोन्ही टोकांना हलक्या मशीन तेलाचे दोन-तीन थेंब पुरतात. स्वयंपाकाचं तेल काही दिवसांत चिकट होऊन शाफ्ट धरतं, आणि ग्रीस बुशच्या सच्छिद्र धातूत मुरत नाही. बॉल बेअरिंग असेल तर तेल न घालता ते बदलावं. पात्याची पाकळी मोडलेली किंवा वाकलेली असेल तर सगळी मोटर थरथरते आणि बुश एका हंगामात संपतं. पातं बदलणं स्वस्त पडतं.

मग मीटर. एका वेगाच्या मोटरला तीन वायरी असतात. कपॅसिटर सोडवून त्यांच्यातल्या दोन-दोनच्या तीन जोड्यांचा रोध मोजा: सगळ्यांत मोठा आकडा हा उरलेल्या दोघांच्या बेरजेइतका यायला हवा. बेरीज जुळत नसेल तर वाइंडिंगचे काही फेरे आतल्या आत जोडले गेलेत किंवा तुटलेत. तीन वेगांच्या मोटरमध्ये कॉमनपासून (सामाईक वायरीपासून) प्रत्येक वेगाच्या वायरीपर्यंत आकडा पायरीपायरीने बदलायला हवा. दोन वेग सारखेच आले तर शंका घ्या. कॉमनपासून काहीच मिळत नाही, पण बाकीच्या दोन वायरींमध्ये आकडा मिळतो, असं झालं तर वाइंडिंगला दोष देऊ नका. बहुधा कॉमनमध्ये बसवलेला थर्मल प्रोटेक्टर (मोटर तापल्यावर वीज तोडणारा भाग) उघडला आहे. मोटर तासभर गार होऊ द्या आणि पुन्हा मोजा. आपोआप जुळणारा असेल तर आकडा परत येईल, म्हणजे प्रोटेक्टरने काम चोख केलं आणि तापण्याचं कारण दुसरीकडे शोधायचं आहे. एकदाच तुटणारा थर्मल फ्यूज असेल तर तो त्याच तापमानाचाच नवा बसवावा लागतो. त्याला वळसा घालून वायर थेट जोडणं हे या सगळ्या कामातलं सर्वांत वाईट काम आहे, आणि दुर्दैवाने सर्वांत सर्रास होणारं.

शेवटी प्रत्येक वायर आणि मोटरचा पत्रा यांच्यात मोजा. साध्या मीटरवर काहीच मिळता कामा नये. 500 व्होल्टचा मेगर (इन्सुलेशन तपासायचा मीटर) असेल तर किमान 1 मेगाओहम हवा. हंगामाच्या सुरुवातीला ओलीमुळे आकडा कमी येतो. मोटर दिवसभर कडक उन्हात ठेवून पुन्हा मोजली की तो वर चढतो. चढला नाही तर ती मोटर अंगावर शॉक देणार, पत्र्याच्या कूलरमध्ये तर नक्कीच. अर्थिंग तुटलेला पत्र्याचा कूलर वास येवो न येवो, वापरू नये, आणि त्या लाइनवर 30 मिलिअँपिअरचा गळती-संरक्षक स्विच असावाच.

वाइंडिंग ठीक, कपॅसिटर ठीक, तरी मोटर तापते, तेव्हा हवा पाहावी. उभ्या पंख्याच्या कूलरमध्ये पॅड चिखलाने आणि क्षारांनी तुंबले की पंख्यावरचा ताण वाढतो आणि मोटरला गार करणारी हवाही कमी होते, दुहेरी मार बसतो. पिंजऱ्यासारख्या ब्लोअरच्या कूलरमध्ये उलटं आहे: बाजूचे पॅड काढून तो मोकळा चालवला तर तो जास्त हवा ढकलतो आणि मोटर जास्त करंट घेते. म्हणून ब्लोअरचा कूलर पॅड काढून तपासायचा तर दोन-तीन मिनिटांवर नको.

व्होल्टेज हे दुसरं अदृश्य कारण. इंडक्शन मोटरची ताकद व्होल्टेजच्या वर्गाप्रमाणे घटते. 230 ऐवजी 180 व्होल्ट मिळाले तर उरते सुमारे 61 टक्के. मोटर फिरते, पण रेंगाळत, आणि तापत. चौकोनी लहरींच्या इन्व्हर्टरवर गुणगुण आणि उष्णता दोन्ही वाढतात, कपॅसिटरवरही ताण येतो. इन्व्हर्टर लावायचा तर शुद्ध साइन लहरींचा. छताच्या पंख्याचा इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर कूलरला जोडणं, हा उपाय आम्ही कुणालाही सुचवणार नाही.

तांबं की ॲल्युमिनियम, यावर आमचं मत सरधोपट नाही. ॲल्युमिनियमचा रोध तांब्याच्या सुमारे 1.6 पट, त्यामुळे त्याच जाडीची तार जास्त तापणार हे खरं. पण जाड तार आणि मोठा स्टेटर देऊन नीट बनवलेली ॲल्युमिनियमची मोटर चालते. ती मार खाते सांध्यांवर: ॲल्युमिनियमवर ऑक्साइडचा थर चढतो, नुसती पिळून जोडलेली तार तापते, आणि जळका वास नेमका त्या टोकाच्या स्लीव्हमधून येतो. तांब्याला आमची पसंती आहे ती मुख्यतः सांधा सोल्डर करता येतो म्हणून.

आता पंप. सगळ्यांत लहान, आणि आमच्या मते सगळ्यांत बेजबाबदारीने बनवला जाणारा भाग. तो पाण्यात बुडालेला असतानाच थंड राहतो. टाकी रिकामी झाली, फ्लोट अडकला किंवा पंप आडवा पडून वर आला की तो कोरडा फिरतो, आतलं प्लॅस्टिक मऊ होतं आणि वितळलेल्या बादलीसारखा वास येतो. दुसरं कारण गवत. गवताच्या पॅडचे तंतू चक्राभोवती गुंडाळतात, चक्र थांबतं, कॉइल तापत राहते. गवताचा कूलर असेल तर पंपाभोवती जाळी हवीच. हनीकोंब पॅडमध्ये हा त्रास बराच कमी, पण क्षारांचा तितकाच.

तपासायचं असं: प्लग काढा, पंप बाहेर घ्या, खालचं झाकण आणि चक्र सुटं करा. तंतू काढा. पांढरा क्षार जमला असेल तर चुंबकाचा रोटर आणि चक्र व्हिनेगरमध्ये किंवा सायट्रिक ॲसिडच्या पाण्यात 20 ते 30 मिनिटं बुडवून ब्रशने घासा. कॉइलचा भाग त्यात बुडवू नका. जोडून पंप बादलीत पूर्ण बुडवा, हात बाहेर घ्या, मगच वीज द्या. पाण्याची धार आली आणि वास नाही, म्हणजे पंप वाचला. कॉइलभोवतीचं इपॉक्सी फुगलं, भेगाळलं किंवा तपकिरी पडलं असेल तर पंप चालत असला तरी फेकून द्या. पाण्यात वीज गळवणारा पंप दुरुस्तीच्या लायकीचा नसतो. टाकीतलं पाणी संपल्यावर पंप आपोआप बंद करणारा सेन्सर ज्या कूलरमध्ये आहे, त्याला इतर दहा सोयींपेक्षा जास्त गुण द्यावेत.

स्विंग मोटर चार-पाच वॉटची, सहसा अडकली तरी जळत नाही. तिचे प्लॅस्टिकचे दाते तुटतात आणि टकटक आवाज येतो. तिथून वास आलाच तर तिची वायर सोडवून टोकांना नीट इन्सुलेशन टेप लावा. झडपा हाताने फिरवून कूलर चालू ठेवता येतो.

वायरींबाबत एवढंच: बंद ठेवलेला कूलर काढल्यावर पहिल्या दिवशी आतल्या वायरी बोटाने चाचपून पाहा. उंदराने कुरतडलेली जागा बहुधा पॅडच्या आडोशाला सापडते. पीव्हीसीची साधी वायर 70 अंशांपर्यंतच्या वापरासाठी असते, त्यामुळे ती मोटरच्या अंगाला टेकलेली नसावी. टाय मारून दूर बांधा.

रिवाइंडिंगची सेवा घ्यायची वेळ आलीच, तर कारागिराची पारख त्याच्या उत्तरांवरून होते. जुन्या वाइंडिंगचे फेरे मोजणार का? तारेची जाडी गेजने तपासणार का? व्हार्निश नुसतं ओतणार, की बुडवून भट्टीत सुकवणार? थर्मल प्रोटेक्टर परत बसवणार का, आणि कोणत्या अंशांचा? परत देताना बिनपात्याची चालवून करंट दाखवणार का? पहिल्या तीन प्रश्नांना बरेच जण नीट उत्तर देतात. प्रोटेक्टरच्या प्रश्नावर "त्याची गरज नसते" असं उत्तर आलं तर मोटर उचला आणि दुसरीकडे न्या.

मोटर परत बसवल्यावर पहिला तास पंप बंद ठेवून, पॅड जागेवर ठेवून, खोलीत कुणी जागं असताना कूलर चालवा. दर पंधरा मिनिटांनी बंद करून, प्लग काढून, प्लगच्या पिना, स्विचचं पॅनेल आणि मोटरचं अंग हाताने तपासा. पिना कोमटही लागता कामा नयेत. मोटरचं अंग गरम लागेल, पण हात दोन-तीन सेकंद तरी ठेववला पाहिजे. तो तास वासाविना गेला की टाकी भरा आणि पंप जोडा.